गोळी सोसत नाही तेव्हा: वाढलेल्या थायरॉइडच्या उपचाराचं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतलं आहे. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागणं हा ओळखीचा आजार, आणि त्यावरची कार्बिमॅझोल ही गोळीही जुनी आणि खात्रीची. तरी हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथल्या एका बाईंनी जुलै ते जानेवारी या काळात चार वेळा ‘गोळी सोसत नाही’ अशी एकच तक्रार केली आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. एकदा गोळी चालू ठेवायची होती, एकदा त्याच दिवशी थांबवायची होती, एकदा कमी करायची होती, आणि एकदा दोष दुसऱ्याच गोळीचा होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ऊन, फवारणी आणि हातांचा कंप

बाई ३६ वर्षांच्या. घरची पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि त्यात तूर. घरचं आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात रोजीनं निंदणाला जायचं. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दमा नाही. खर्रा खाण्याची सवय आहे.

एप्रिलपासून त्यांना गरमी सहन होईना. अंगणात बाज टाकूनही रात्री झोप नाही, छातीत धडधड, दिवसातून चार वेळा संडास, आणि भूक वाढलेली असून वजन मात्र उतरत चाललेलं. यवतमाळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. ‘ऊन लागलं’ हे उत्तर कुणालाही पटावं असंच होतं. पन्हं झालं, सलाइनच्या बाटल्या झाल्या, ताकदीच्या गोळ्या झाल्या. मग पाऊस लागला, पेरण्या आटोपल्या, हवा गार झाली, तरी यांचा घाम थांबेना. उन्हाचा त्रास पावसाळ्यात उरायला नको होता. शंका यायला हवी होती ती इथे.

जुलैत हात थरथरायला लागले. कपातला चहा बशीत सांडायचा. यजमानांची तेव्हा कपाशीवर फवारणी चालू होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून इकडे कुणाला घाम फुटला, हात थरथरला की घरच्यांच्या मनात आधी फवारणीच्या औषधाचा डबा येतो. सासूबाई त्याच धास्तीनं त्यांना घेऊन आल्या. शंका रास्त होती, पण अंग वेगळं सांगत होतं. फवारणीच्या औषधातल्या ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ सुटते, छातीत कफ दाटतो, नाडी बरेचदा मंदावते. यांच्या बाहुल्या नेहमीसारख्या, तोंड कोरडं, छाती साफ आणि नाडी मिनिटाला १२८. तळहात गरम आणि ओलसर. गळ्यावर दोन्ही बाजूंना सारखी, मऊ सूज. तिच्यावर स्टेथोस्कोप ठेवला तर रक्त वाहिल्याचा आवाज. डोळे किंचित पुढे आलेले. वजन ४३ किलो. आदल्या दिवाळीच्या सुमाराला बचत गटाच्या आरोग्य शिबिरात ते ५२ भरलं होतं.

टीएसएच (मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावायला सोडते ते हार्मोन) ०.०१ पेक्षा कमी आला आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं रक्तातलं मोकळं हार्मोन) आला ३.९. तो साधारण ०.८ ते १.८ च्या दरम्यान असायला हवा. डोळे, सारखी वाढलेली ग्रंथी आणि तिच्यावरचा आवाज पाहता हा ग्रेव्हज आजार आहे हे अँटिबॉडीची महागडी तपासणी न करताही म्हणता येत होतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला सतत कामाला जुंपते, असा हा आजार. ही खात्री आधी करावी लागते, कारण ग्रंथीला नुसती दाहाची सूज आली तरी रिपोर्टात हेच आकडे दिसतात आणि तिथे कार्बिमॅझोलचा काही उपयोग नसतो.

गोळी सुरू करण्याआधी रक्तपेशींची आणि लिव्हरची तपासणी करून ठेवली. पांढऱ्या पेशी ४,६००, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ४६ टक्के, म्हणजे सुमारे २,१००. ग्रेव्हजमध्ये औषधाशिवायही या पेशी थोड्या कमी असू शकतात, लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले असू शकतात. सुरुवातीचा आकडा हाताशी नसेल तर पुढे दिसलेली घट आजाराची की गोळीची, हे कुणालाच सांगता येत नाही. खर्च वाढतो म्हणून नेमकी हीच तपासणी गाळली जाते. मला विचाराल तर बाकी काहीही गाळा, ही गाळू नका.

कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि धडधड-कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम तीनदा, अशी सुरुवात झाली. घरात आणखी एक गोष्ट निस्तरावी लागली. जाऊबाईंचा थायरॉइड कमी, त्यांना थायरॉक्सिन चालू. घरात दोन्ही ‘थायरॉइडच्याच गोळ्या’, त्यामुळे एकीची संपली तर दुसरीची घ्यायची असं दोघींनी ठरवूनही टाकलं होतं. कार्बिमॅझोल हार्मोन तयार होणं रोखतं आणि थायरॉक्सिन म्हणजे साक्षात तेच हार्मोन. दोन्ही डब्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायला लावल्या.

खाज, आणि भरलेली डबी

ठरलेल्या तारखेला बाई आल्या नाहीत. ऑगस्टच्या मध्यात आशाताई गृहभेटीला गेल्या तेव्हा त्यांनी गोळ्या दाखवायला सांगितल्या. कार्बिमॅझोलची डबी बरीचशी भरलेली. प्रोप्रॅनोलॉलची पाकिटं मात्र वेळच्या वेळी रिकामी झालेली.

तिसऱ्या आठवड्यात अंगभर खाज सुटली होती, दंडांवर आणि पोटावर गांधी उठल्या होत्या. “ते डबीतली गोई लय गरम पडते जी,” बाई म्हणाल्या. “आंगाची आग आग होते. हे दुसरी बरी हाय, हे खाल्ली का धडधड बंद.”

त्यांच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय सरळ होता. जिनं त्रास दिला ती सोडली, जिनं आराम दिला ती ठेवली. अडचण अशी की आराम देणारी गोळी मूळ आजाराला हातच लावत नाही. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची गती आणि हातांचा कंप आवरतं, ग्रंथी आपलं काम करतच राहते. धूर दिसेना म्हणून चूल विझली असं मानावं, तसं झालं होतं. नाडी ८८, हात स्थिर, घरचे म्हणतात फरक पडला. वजन मात्र आणखी दीड किलोनं उतरलेलं आणि फ्री टी-४ अजून ३.४. म्हणून प्रोप्रॅनोलॉल चालू असलेल्या पेशंटची नाडी पाहून समाधान मानू नये. वजनकाटा आणि फ्री टी-४ हेच खरं बोलतात.

आता खाजेचं. कार्बिमॅझोल घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच जणांना खाज किंवा पुरळ येतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. पण सगळी खाज गोळीच्या नावावर टाकता येत नाही. वाढलेल्या थायरॉइडमध्ये कातडी गरम आणि घामेजलेली असते, तिला मुळातच खाज सुटते. यांना मे महिन्यापासून होती, फक्त तेव्हा ती घामोळं म्हणून सोडून दिली होती. दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये निंदणाच्या बायांना गाजरगवतानं हात, मान, चेहरा खाजतो, कातडी जाड होते. यांच्या गांधी मात्र झाकलेल्या पोटावरही होत्या, उठून काही तासांत विरायच्या, आणि गोळी सोडल्यावर चार दिवसांत थांबल्या. तेव्हा गोळीचाच संशय बळकट.

मग घातक काही नाही ना, ते पाहिलं. डोळे पिवळे नाहीत, लघवी गडद नाही. ओठ-जीभ सुजली नव्हती, श्वास अडला नव्हता, कातडीला फोड नव्हते, ताप नव्हता. यातलं एक जरी असतं तर त्या गोळीकडे परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. रक्तपेशी आणि लिव्हर पुन्हा तपासलं, दोन्ही ठीक.

दुसरी गोळी म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल. तिच्यावर जावं का, याचा विचार झाला आणि तो सोडून दिला. एकीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना दुसरीचीही होते, आणि प्रोपिलथायोयुरॅसिलनं क्वचित लिव्हरला इतकी गंभीर इजा होते की अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० साली तिच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिचं स्थान आहे. इथे साध्या गांधींसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. कार्बिमॅझोलच पुन्हा सुरू केलं, पण दिवसाला २० मिलिग्रॅम आणि तेही एकदाच, सकाळच्या जेवणानंतर. हे औषध ग्रंथीत साठून काम करतं, त्यामुळे एक वेळ पुरते. डोस कमी तसा त्रासही बहुधा कमी. सोबत रात्री सेटिरिझिन. बाई पहाटे चारला उठतात, गुंगी राहू नये म्हणून ती गोळी रात्री आठलाच घ्यायची ठरली.

पहिल्या आठवड्यात खाज थोडी आली, दुसऱ्यात विरली, पुढे सेटिरिझिनही सुटली. तोंडाची चव जाणं मात्र महिनाभर राहिलं. ठेचासुद्धा मातीसारखा लागतो म्हणायच्या. ते आपोआप गेलं.

पुन्हा गोळी सुरू करताना बाईंनी विचारलं, “मंग पुन्हा खाज सुटली त काय करू?” काही होणार नाही, असं सांगणं सोपं होतं. सुटू शकते, असंच सांगितलं. सुटली तर गोळी न सोडता निरोप द्या, आपण वाट काढू. पेशंटला त्रासाची आधी कल्पना दिली तर तो घाबरून औषध सोडतो, अशी समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. न सांगता आलेला त्रास माणसाला एकटं पाडतो, आणि एकटा पडलेला माणूस आपल्या बुद्धीनं काहीतरी करतो.

भिंतीवरचा कागद

खाजेला गोळी थांबवायची नाही हे शिकवणं म्हणजे निम्मंच काम. ते नीट शिकलेला पेशंट उद्या ताप आला तरी गोळी खात राहील, आणि तिथे जीव जाऊ शकतो. कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजारातल्या दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी एकाएकी जवळजवळ संपतात. २,००० च्या पुढे असायला हव्यात त्या ५०० च्याही खाली जातात. जंतूंशी लढणारे शिपाईच उरत नाहीत. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांत घडतं, आणि मध्ये खंड पडून गोळी पुन्हा सुरू केली तर ते तीन महिने नव्यानं मोजायचे. घट इतक्या झपाट्यानं होते की दर महिन्याला रक्त तपासूनही ती हुकू शकते. म्हणून भिस्त लक्षणांवर. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड.

हे बाईंना, यजमानांना, सासूबाईंना सांगितलं. मग आठवीतल्या मुलाला कागद दिला आणि त्यानं आपल्या शब्दांत लिहिलं: ‘ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, डोळे पिवळे झाले: डबीतली गोळी बंद. त्याच दिवशी रक्त. दुसऱ्या दिवशी नाही.’ खाली: ‘खाज सुटली, मळमळलं, चव गेली: गोळी बंद नाही. आशाताईंना फोन.’ कागद चुलीच्या वरच्या फळीला चिकटवला. छापील पत्रकापेक्षा मुलाच्या हातचं अक्षर घरात जास्त वाचलं गेलं.

एक अडचण खर्ऱ्याची होती. सुपारी-तंबाखूनं तोंड सोलवटणं या भागात रोजचं आहे. तोंड आलं की मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणायचं, हीच रीत. निदान या तीन महिन्यांत तरी खर्रा सोडा, नाहीतर खूण ओळखता येणार नाही, असं सांगितलं. पूर्ण सुटला नाही, पण कमी झाला.

महालक्ष्म्यांच्या दिवसांतला ताप

सप्टेंबरात, गोळी पुन्हा सुरू होऊन पाचेक आठवडे झाले असताना, महालक्ष्म्या बसल्या त्या दिवसांत त्यांना ताप आला. आधी दोन दिवस अंग दुखत होतं, पण सोळा भाज्या, आंबील, पाहुणे या गडबडीत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी अंग तापलेलं मुलाच्या लक्षात आलं. घसाही दुखत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबी आईच्या हाती दिलीच नाही आणि आशाताईंना फोन लावला.

गावात ताप आला की सुई टोचून घ्यायची सवय आहे. यजमान त्यांना तिकडेच नेत होते. आशाताईंनी अडवलं: आधी रक्त, मग सुई. याला फार भक्कम कारण आहे. अशा सुयांमध्ये पुष्कळदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. त्यानं ताप उतरतो आणि रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा तात्पुरता वर चढतो. म्हणजे ज्या आकड्यावर सगळा निर्णय उभा, तोच खोटा होतो. शिवाय आधीच पेशी संपल्या असतील तर स्टेरॉइडनं संसर्गाला मोकळं रान मिळतं.

सणामुळे तालुक्याची लॅब बंद होती, म्हणून उपजिल्हा रुग्णालय गाठलं. दुपारी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी २,९००, न्यूट्रोफिल ५४ टक्के, म्हणजे साधारण १,५७०. प्लेटलेट १,०८,०००.

जुलैचा आकडा आता कामाला आला. २,१०० वरून १,५७०, म्हणजे घट आहे, पण कोसळल्या नाहीत. शिवाय प्लेटलेटही उतरल्या होत्या. कार्बिमॅझोलच्या या दुष्परिणामात बहुधा न्यूट्रोफिलच संपतात, प्लेटलेट जागेवर राहतात. दोन्ही उतरल्या की पावसाळ्यात इकडे आधी डेंग्यूचा विचार करायचा. मलेरिया आणि बारीक कीटक चावून होणारा स्क्रब टायफसही डोक्यात ठेवायचे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची मोठी साथ येऊन गेली आहे. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली. मलेरियाची काच निगेटिव्ह, अंगावर कीटक चावल्याचा काळा डाग कुठे नाही.

तरीही त्या दिवशी कार्बिमॅझोल सुरू केलं नाही. डेंग्यू सापडला म्हणजे गोळी निर्दोष ठरली असं होत नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरलं की रोज रक्त पाहायचं. न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेल्या तर ही गोळी पुन्हा कधीच द्यायची नाही. तशा वेळी प्रोपिलथायोयुरॅसिलही चालत नाही. मोठ्या रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविकं आणि पेशी वाढवणारी इंजेक्शनं, आणि आजारासाठी पुढे ग्रंथीचं काम किरणांनी बंद करणारं रेडिओॲक्टिव्ह आयोडीन किंवा ऑपरेशन, एवढाच रस्ता उरतो.

त्यांना वॉर्डात दाखल करून घेतलं. तापाला फक्त पॅरासिटामॉल; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन काही नाही. प्रोप्रॅनोलॉलचा प्रश्न जास्त अवघड होता. ते एकदम बंद करावं तर तापात वाढलेला थायरॉइड उसळण्याची भीती. चालू ठेवावं तर डेंग्यूमध्ये रक्तदाब पडू लागताना नाडी वाढते ती धोक्याची घंटाच दाबली जाते. डोस निम्मा केला आणि परिचारिकांना सांगून ठेवलं की या बाईंची नाडी शांत दिसली म्हणून विसंबू नका. रक्तदाब, लघवीचं प्रमाण, पोटदुखी, हातापायांचा गारठा, रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हेमॅटोक्रिट यांच्यावर लक्ष द्या. केसपेपरवर ते मोठ्या अक्षरात लिहिलं. या एका गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगावंसं वाटतं: डेंग्यूच्या वॉर्डात आलेल्या प्रत्येकाला बीपी-धडधडीची गोळी चालू आहे का, हे विचारलंच पाहिजे.

न्यूट्रोफिल सगळ्यात खाली १,२५० पर्यंत गेल्या, प्लेटलेट ६४,००० पर्यंत. मग दोन्ही एकत्रच वर आल्या. ताप गेला, न्यूट्रोफिल २,००० च्या पुढे गेल्या, तेव्हा कार्बिमॅझोल २० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केलं आणि आठवड्यानं पेशी परत पाहिल्या. आठवडाभराच्या खंडानं आजार उसळला नाही.

नंतर यजमान म्हणाले, डेंग्यूच निघाला तर गोळी उगाच बंद केली. त्यांना सांगितलं, ज्या सकाळी ताप आहे आणि रिपोर्ट नाही, त्या सकाळी तुमच्या मुलानं केलं तेच बरोबर. रिपोर्ट काय येणार हे आधी कळत नसतं.

दुसऱ्याच गोळीचा दोष

ऑक्टोबरात सोयाबीन काढायला गेल्या आणि वावरात डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसल्या. थकवा, हातपाय गार, पायऱ्या चढवत नाहीत. ठपका पुन्हा डबीवर. नाडी ५४ आणि रक्तदाब ९६/६० होता. ग्रंथी आता आवरत आली होती, पण प्रोप्रॅनोलॉल जुलैइतकंच चालू. वॉर्डात निम्मा केलेला डोस घरी गेल्यावर त्यांनी जुन्या चिठ्ठीप्रमाणे पुन्हा पूर्ण केला होता. दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं ते बंद केलं. अंधारी गेली.

टीएसएच मागे राहतो

नोव्हेंबरात कापूस वेचणी जोरात. रात्री पायात गोळे यायचे, सकाळी बोटं आखडायची, दिवसा झोप, चेहरा सुजल्यासारखा. वजन पाच किलोनं वाढलं होतं, पण ते हातापायांत भरलेलं दिसत नव्हतं. त्या तालुक्याच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे फक्त टीएसएच झाला, ०.०१ पेक्षा कमी. ‘थायरॉइड अजून वाढलेलाच आहे’ म्हणून कार्बिमॅझोल २० चं ३० केलं. गोळे दुपटीनं वाढले.

आमच्याकडे आल्या तेव्हा फ्री टी-४ पाहिला. ०.५ होता, म्हणजे थायरॉइड वाढलेला नव्हता, गोळीनं गरजेच्या खाली ढकलला होता. महिनोन्‌महिने हार्मोन जास्त राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच बनवणं थांबवते, आणि हार्मोन खाली आलं तरी तिला जागी व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. उपचाराच्या पहिल्या सहामाहीत टीएसएच एकटा पाहणं म्हणून धोक्याचं आहे. डोस ठरवायचा तो फ्री टी-४ वर, आणि शक्य असेल तर थायरॉइडच्या दुसऱ्या हार्मोनवर, म्हणजे टी-३ वर.

सांधे आखडणं कार्बिमॅझोलच्या प्रतिक्रियेतही येतं, आणि सांधे सुजले, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागलं तर गोळी बंद करावी लागते. यांचे सांधे सुजलेले नव्हते, दुखणं स्नायूंचं होतं. डोस ५ मिलिग्रॅमवर आणला. तीन आठवड्यांत गोळे थांबले, डोळे उघडे राहू लागले, जावेच्या बरोबरीनं कापूस वेचायला लागल्या. पुढे फ्री टी-४ थोडा वर सरकल्यावर डोस १० केला.

याच काळात केस गळायचे. हार्मोनचे चढउतार झाले की ते होतं आणि काही महिन्यांत भरून येतं. मेडिकलमधून त्यांनी बायोटिनची गोळी आणली होती. बायोटिननं काही लॅबच्या यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे हुबेहूब वाढलेला थायरॉइड. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ती बंद ठेवायला सांगितलं. प्रत्येक भेटीत ‘मेडिकलमधून आणखी काय आणलं?’ हा प्रश्न मी आता न चुकता विचारते.

जानेवारीतली स्थिती

वजन ५० किलो. नाडी ७६. फ्री टी-४ १.३ आणि टीएसएच ०.२, म्हणजे पिट्युटरी जागी होऊ लागली आहे. कार्बिमॅझोल १० मिलिग्रॅम, रोज एक. डोळे आणखी पुढे आलेले नाहीत, पण वाळू गेल्यासारखं टोचतात. त्यासाठी थेंब चालू आहेत. धूम्रपानानं ग्रेव्हजचे डोळे बिघडतात, दुसऱ्याचा धूरही बरा नाही, म्हणून यजमानांनी विडी घराबाहेर ओढायचं कबूल केलं आहे. माझा आग्रह विडी सोडण्याचाच आहे आणि तो चालू राहील.

गोळी एकूण १२ ते १८ महिने चालेल. त्यानंतर बंद केली तर साधारण निम्म्या पेशंटांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुधा पहिल्या वर्षात. तसं झालं तर नागपूरला जाऊन रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घ्यायचं, ऑपरेशन करायचं, की कमी डोसची गोळी पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवायची, हे बाईंसमोर आत्ताच मांडलं आहे. आयोडीननं डोळ्यांचा त्रास वाढू शकतो आणि पुढे जन्मभर थायरॉक्सिन लागण्याची शक्यता मोठी आहे, हेही सांगितलं.

त्यांनी दोन प्रश्न विचारले. ते औषध घेतल्यावर वावरात किती दिवस जाता येणार नाही, आणि लेकरांजवळ झोपता येईल का. वावरात लवकर जाता येतं; मुलांपासून आणि गरोदर बायांपासून मात्र काही दिवस अंतर ठेवावं लागतं, किती ते दिलेल्या मात्रेवर ठरतं. “मंग मुलाची दहावी होऊ द्या जी,” त्या म्हणाल्या. गोळीचे १८ महिने या वर्षाअखेरीच्या सुमाराला भरतात आणि दहावीची परीक्षा त्यानंतर वर्षभरानं येणाऱ्या मार्चमध्ये. तोपर्यंत लागलंच तर कमी डोसवर थांबता येण्यासारखं आहे. तसं कार्डावर लिहिलं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात फ्री टी-४ आणि टीएसएचची तारीख दिली.